खारी की गोडी

अंबरनाथजवळ मोरिवलीला आमच्या घरात स्वयंपाक चाखून बघायची पद्धत नव्हती. आई अंदाजानं मीठ घालायची, झाकण ठेवायची आणि पहिलं ताट बाबांपुढे ठेवायची. बाबा तांदळाच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचे, तोंडात घालायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. मग निकाल यायचा. ‘बरोबर’ म्हणाले की आम्ही जेवायला बसायचो. ‘खडा कमी’ म्हणाले की आई मडक्यातून मीठ आणायला उठायची. ‘खडा जास्त’ म्हणाले की ताट पुढे सरकवलं जायचं आणि आई दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही. बाबांच्या आधी कोणी पातेल्यात बोट घातलं तर अन्न उष्टं झालं, असं ती मानायची. लहानपणी मी सुकटीच्या कालवणाला एकदा जीभ लावली, तेव्हा तिनं हातातली पळी माझ्या मनगटावर मारली होती. आज वाचणाऱ्याला हे जुलमी वाटेल. मलाही वाटतं. पण बाबांचा निकाल कधी चुकायचा नाही, ही त्यातली खरी पंचाईत होती.

ही जीभ त्यांना मिठागरानं दिली होती. बाबांचं लहानपण खाडीकाठी त्यांच्या मामाकडे गेलं. तिथली माणसं पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन सांगायची, की मीठ आज धरेल की अजून ऊन खायला हवं. खारं पाणी, गोडं पाणी, अधलंमधलं पाणी, हे बाबांना पाढ्यांच्या आधी कळायला लागलं. पुढे मोरिवलीची आमची जमीन कारखान्यांत गेली, बाबा ट्रकवर ड्रायव्हर झाले आणि बऱ्याच वर्षांनी कंबर धरल्यावर स्टिअरिंग सोडून घरी बसले. घरी कसले बसतात! अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या टापूत कोणाला जुना ट्रक घ्यायचा असला की तो आधी आमच्या अंगणात यायचा. बाबा त्याचे पैसे घेत नसत. चहा घेत, आणि गाडी घेतल्यावर पेढे आले तर ते घेत. ‘दामूशेठनं बघितलेली गाडी’ एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे. हे ऐकताना बाबांचा हात मिशीकडे जायचा आणि त्या दिवशी कालवण थोडं बिघडलं तरी चालून जायचं. आमचं पोट भरायचं ते मागच्या चाळीच्या भाड्यावर, पण बाबा भरल्यासारखे दिसायचे ते या कामानं.

गाडी बघायला गेले की ते आधी गाडीकडे बघतच नसत. घेणाऱ्याला विचारायचे, ‘काय भरनार?’ तो म्हणायचा, गाडी चांगली आहे का ते सांगा की. ‘चांगली-वाईट मना काय विचारतोस? काय भरनार ते बोल.’ कारण उल्हासनगरच्या गाद्या आणि कपाटं नेणाऱ्याला लांब हौदा लागतो, वजन फारसं नसतं, तिथे थकलेलं इंजिनही बरीच वर्षं ओढून नेतं. खडी आणि विटा नेणाऱ्याला खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस, ठणठणीत लागते. वरचा पत्रा फाटका असला तरी बिघडत नाही. केमिकलची पिंपं नेणाऱ्याला ब्रेक आधी, बाकी सगळं नंतर. हे ठरलं की बाबा बोनेटवर हात ठेवायचे. इंजिन गरम लागलं तर मालकानं गिऱ्हाईक यायच्या आधीच ते चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते नखरे करतं. मग चाकांवरच्या पाट्यांशी, म्हणजे स्प्रिंगांशी, वाकायचे. पाट्यांना जादा पानं जोडलेली दिसली तर त्या गाडीवर जन्मभर कुवतीबाहेरचं ओझं लादलेलं असणार. मग छोटा हातोडा घेऊन चेसिस ठोकत जायचे, टण टण टण, आणि आवाज कुठे बसका आला की तिथे खडूनं फुली मारायचे. आणि शेवटी, चार लोक बघत असताना, ते हौद्याखाली सरकायचे, फळ्या जिथे चेसिसवर टेकतात त्या सांदीत बोट फिरवायचे आणि ते बोट चाटायचे.

मीठ वाहिलेली गाडी वरून ओळखू येत नाही. मिठाचं पाणी फळ्यांतून ठिबकतं, चेसिसच्या दुहेरी पत्र्यामध्ये जाऊन बसतं आणि लोखंड आतून खातं. वरून जाड काळा रंग मारला की डोळे फसतात, कधीकधी हातोडाही फसतो. बाबा खालून बाहेर यायचे, बाजूला थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे. ‘खारी’ किंवा ‘गोडी’. खारी म्हणाले म्हणून गाडी लगेच भंगारात जायची नाही, ती गादीवाल्याकडे जायची. पण खडी भरायला खारी गाडी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. भरल्या गाडीचा कणा उतारावर मोडला तर ड्रायव्हरचं काय होतं ते बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मिठाबरोबर कारखान्यांच्या गाड्यांचीही चव त्यांना कळायची. कुठली जिभेला टोचते, कुठली गार लागते, कुठली संध्याकाळपर्यंत जात नाही, हे ते घरी आल्यावर अंगणात चूळ भरत गमतीनं सांगायचे. आम्हीही हसायचो.

मला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. मी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकत होते. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून गाडीचे कागद वाचायला ते मला बरोबर न्यायचे. आरसी बुक वाचायचं, पासिंगची तारीख बघायची, चेसिसवर कोरलेला नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उतरवायचा, तोवर ठीक होतं. मला ते आवडायचंही. पण बाबा हौद्याखाली सरकले की मी पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहायची. वर्गात मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील मोटार सर्व्हेअर आहेत. एकदा उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात वर्गातल्या एका मुलीनं रिक्षातून जाताना आम्हाला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना सगळ्यांसमोर विचारलं, ‘शैला, तेरे पप्पा ट्रक चाटते हैं क्या?’ मी म्हटलं, ते चेकिंग असतं. ‘अच्छा, तो कैसा था? मीठा?’ सगळ्या हसल्या. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. संध्याकाळी घरी आले तर बाबांनी माझ्यासाठी पाच नंबरहून गरम दालपकवान बांधून आणलं होतं.

त्या हिवाळ्यात आईनं वालाचं बिरडं केलं आणि मीठ घालायलाच विसरली. शेजारी कोणाकडे तरी बारसं होतं, तिची गडबड झाली. बाबांनी घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, ‘बरोबर.’ आम्ही बसलो. मी घास तोंडात घातला आणि आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. बिरड्यात मिठाचा कण नव्हता. बाबा मन लावून जेवत होते, वर ‘वाल यंदा चांगले हायेत’ असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईनं बोंबलाच्या कालवणात मुद्दाम मूठभर जादा मीठ टाकलं. माझ्यानं ते गिळवेना. बाबांनी डोळे मिटले, उघडले. ‘बरोबर.’

‘कोनाला बोलू नको,’ परड्यात भांडी घासताना आई मला म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते, पण आवाज थांबत होता.

‘डॉक्टरला दाखवू या ना त्यांना.’

‘जातील ते? त्यांनी आपल्याला सांगितलंय का, चव गेली म्हनून? नाय ना. मग आपल्याला म्हाईत नाय.’

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. आई पहिलं ताट ठेवताना स्वतःशीच बोलल्यासारखं करायची, ‘आज मीठ जरा जास्तच पडलं वाटतं.’ बाबा घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, ‘जास्त हाय.’ कधी ती म्हणायची, ‘आज हात आखडला माझा.’ मग निकाल यायचा, ‘खडा कमी.’ घास घ्यायच्या आधी बाबा क्षणभर तिच्याकडे बघायला लागले. पूर्वी कधी बघत नसत. ज्या बाईला त्यांनी मिठावरून इतकी वर्षं रडवलं, तीच आता त्यांना उत्तर पुरवत होती आणि वर त्यांची बोलणीही खात होती. मला दोघांचीही लाज वाटायची आणि माझी स्वतःचीही, कारण मीही पानावर बसून ‘हो बाबा, जास्तच झालंय’ म्हणत होते. आता या वयात, करोनाची साथ आली तेव्हा काही दिवस माझी चव गेली होती. भात म्हणजे ओला कापूस आणि मासा म्हणजे त्याच्यातली काडी. माझी सून विचारायची, आई, कसं झालंय? मी म्हणायची, छान. तेव्हा मला कळलं की ‘बरोबर’ म्हणायला बाबांना किती जड गेलं असेल.

बाबांनी या काळात गाड्या बघणं कमी केलं होतं. कंबर दुखते म्हणायचे, आज अमावस्या आहे म्हणायचे, माणसाला दुसऱ्याकडे धाडायचे. पण गंगूआत्याला नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. गंगूआत्या त्यांची थोरली बहीण, बदलापूरला दिलेली, नवरा लवकर गेलेला. तिच्या शेताचा एक तुकडा बिल्डरनं घेतला होता आणि त्यातून तिला मुलासाठी, बबनसाठी, ट्रक घ्यायचा होता. बदलापुरात इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि बबन दगडखाणीवरून खडी टाकायचं काम धरणार होता. आत्या अंगणात बसली, चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘दामू, मना गाडीतलं काय कलत नाय. तू गोडी म्हनलास की मी नारल फोडनार. माझा एकुलता एक हाय, तुला म्हाईत हाय.’ बाबा म्हणाले, ‘बघू.’ आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

हासाशेठचं यार्ड पाच नंबर कॅम्पात होतं. हासाशेठ म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल, पांढरा लेंगा-झब्बा, बोटांत अंगठ्या, बोलण्यात साखर. लोक दलालांबद्दल काहीही बोलोत, पण हा माणूस बाबांच्या शब्दाबाहेर जात नसे. बाबांनी खारी म्हटलेली गाडी तो खडीवाल्याला दाखवायचाही नाही. ‘आओ दामूभाई, आओ साईं,’ तो उठून उभा राहिला. ‘कल ही आई है, मैंने भी ठीक से देखी नहीं. तुम देखो, तुम बोलोगे वही.’ गाडी सहा चाकी, निळ्या हौद्याची, खालून नुकताच काळा रंग मारलेली. यार्डात आणखी दोनतीन गिऱ्हाइकं होती, ती बाबांना बघून जवळ सरकली. दामूशेठ गाडी बघताना बघायला मिळणं म्हणजे तिथे फुकटचा तमाशा होता.

बाबांनी सगळं नेहमीसारखं केलं. बोनेटवर हात ठेवला, थंड होतं. पाटे बघितले, जादा पानं नव्हती. हातोडा चालवला, टण टण टण, कुठेही बसका आवाज नाही. मी कागद वाचले, त्यात काही खोट नव्हती. बबनचा चेहरा इतका फुलला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. आत्यानं पिशवीतून हळदकुंकवाची पुडी आणि नारळ काढून ठेवला. आमच्यात नारळ फुटला की गाडी आपली. मग ती परत करायची गोष्टच नाही, ते अशुभ. बाबा हौद्याखाली सरकले. या वेळी मी पाठ फिरवली नाही. त्यांनी सांदीत बोट फिरवलं, चाटलं आणि तिथूनच, वाकल्या अंगानं, माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखत होते. रोज जेवताना ते आईकडे तसंच बघायचे. मी काहीतरी सांगावं, हलकेच मान हलवावी, भुवई उडवावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण मला तरी काय माहीत होतं? कालवणात किती मीठ आहे ते आईला ठाऊक असायचं. या गाडीतून काय वाहिलं गेलं ते मला कुठे ठाऊक होतं! मी नजर चुकवली. बाबा बाहेर आले, बाजूला थुंकले, हात झटकले आणि म्हणाले, ‘गोडी.’

आत्यानं बोनेटला कुंकू लावलं. बबननं नारळ उचलला. मी कागद तिथेच टाकले आणि गाडीखाली शिरले. ओढणी कशात तरी अडकून फाटली. फळीखालच्या सांदीत बोट घातलं, ते ओलसर लागलं, आणि ज्या गोष्टीची मला जन्मभर लाज वाटत आली होती ती मी यार्डभर लोकांसमोर केली. ते कोणाच्याही जिभेला कळलं असतं. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं मीठ होतं.

‘आत्या, थांब,’ मी बाहेर येत ओरडले. ‘नारळ फोडू नको. गाडी खारी हाय.’

‘काय बोलतेस गो?’ आत्या चिडली. ‘तुझा बापूस गोडी बोलतोय नि तू कोन?’

‘बाबांना कळत नाही. त्यांची चव गेलीय.’

‘गाडी खारी हाय’ हे वाक्य बबनसाठी होतं. ते मी पुन्हा त्याच जागी उभी राहिले तर पुन्हा बोलेन, त्याहून मोठ्यानं बोलेन. बाबांची चव गेलीय, या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बबनला म्हणता आलं असतं, तूच चाखून बघ. बाबांना बाजूला नेऊन सांगता आलं असतं, की परत बघा, मग त्यांनीच ‘थांबा रे’ म्हटलं असतं. आत्यानं विचारलं म्हणून मी उत्तर दिलं, असं मी स्वतःला सांगते. ते खोटंही नाही. पण त्या वाक्यात वर्गातल्या त्या हसण्याचा, फाटलेल्या ओढणीचा, घरातल्या त्या रोजच्या नाटकाचा सगळा राग होता, आणि तो मी भर यार्डात बाबांच्या तोंडावर फेकला. चूक केली असं मला आजही वाटत नाही. लाज मात्र गेली नाही.

बाबा परत हौद्याखाली सरकले. त्यांनी बोट फिरवलं आणि चाटलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा चाटलं. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही चाटलं. बघणारी माणसं खाली बघायला लागली. बबननं हातोडा घेऊन मी दाखवलेल्या ठिकाणी दोन दणके दिले तशी रंगाची जाड साल निघाली, तिच्यामागे पापडासारखे गंजाचे पापुद्रे गळून पडले आणि लोखंडातून पलीकडचा उजेड दिसला. हासाशेठनं कानाला हात लावले. ‘साईं, झूलेलाल की कसम, मेरे को मालूम नहीं था,’ तो म्हणाला, आणि मग त्यानं जे केलं त्याबद्दल मी त्याला कधी विसरले नाही. जमलेल्या गिऱ्हाइकांना तो दुसऱ्या गाड्या दाखवायला दूर घेऊन गेला.

बाबा उभे राहिले. गुडघ्याची माती झटकली. ‘दामू, तुला कलत नाय?’ आत्यानं विचारलं, आणि या वेळी अगदी हळू विचारलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून ते म्हणाले, ‘शैला बोलते तं असंल खारी.’ आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला. मग ज्या स्कूटरवर मला मागे बसवून आणलं होतं, तिच्यावरून ते एकटे निघून गेले. रिक्षात आत्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. ‘माझा पोरगा वाचला गो तुझ्यामुलं,’ ती म्हणाली. आणि पार मोरिवली आल्यावर, हात सोडत म्हणाली, ‘पन एवढ्या लोकांत बोलायचं नव्हतं. माझा भाऊ हाय तो.’

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावून नाही. विचारलं तर उत्तर द्यायचे, हो, नाही, आण, ठेव. पण आपणहून काही नाही. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, हातोडा तेलानं पुसायचे, परत गुंडाळून ठेवायचे. आईनं आपलं नाटक तसंच चालू ठेवलं होतं. ती उत्तर सांगायची, बाबा तेच उत्तर द्यायचे, पण आता डोळे मिटायचेही नाहीत. कारखान्याचा भोंगा झाला की बाहेरच्या रस्त्यानं रिकामे ट्रक हौद्याचे मागचे फाळके आपटत जायचे. पूर्वी नुसत्या आवाजावरून बाबा सांगायचे की कोणत्या गाडीचा पाटा बसलाय. आता गाडी गेली तरी मान वर करत नसत. मला वाटायचं, हे सगळं ते मला दाखवून करतायत. मी त्यांची इज्जत घालवली आणि ते मला त्याची शिक्षा देतायत. मग मलाही राग यायचा, मी ताट आपटायची.

मग एक दिवस जेवायच्या वेळेला कर्जतकडचा एक माणूस जीपमधून आला. त्याला केमिकलची पिंपं वाहायला गाडी घ्यायची होती, आणि ती अंबरनाथच्याच एका कारखान्याचा माल वाहिलेली जुनी गाडी होती. तो बाबांना नमस्कार करून म्हणाला, ‘यार्डात ऐकलं, तुमची मुलगी आता जिभेनं गाडी सांगते. तिला पाठवता का? मी आणून सोडतो.’ मी दारातच होते. खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, आता मी बाबांना बरोबर घेऊन जाईन, चाखेन मी आणि बोलायचं बाबांनी, गेलेला मान असा परत आणता येईल. पाठ फिरवून उभी राहणारी मी, चपला घालून अंगणात उतरलेसुद्धा.

‘शैला, चपला काढ,’ बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी आपणहून माझं नाव घेतलं होतं. मग त्या परक्या माणसाकडे वळून, शेजारपाजारी ऐकतील एवढ्या आवाजात ते बोलले, ‘शेठ, माझी जीभ गेली. मीठ कलत नाय, गोड कलत नाय, काय कलत नाय. ह्या कारखान्यांच्या गाड्या चाटून चाटून गेली. डॉक्टर बोलला, परत येनार नाय.’

तो माणूस अवघडला. ‘मग मुलगी...’

‘पोरीला नाय पाठवनार. तुमी दुसरा मानूस बघा, नायतर रंग खरवडून बघा. माझी पोर गाडीखाली बोट घालनार नाय.’

जीप गेली. म्हणजे बाबा कोणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले होते. म्हणजे इतके दिवस त्यांना यार्डातली मी दिसत होते ती ओरडणारी नव्हे, बोट चाटणारी. आणि मी समजत होते की ते त्यांच्या इज्जतीचं दुःख करतायत. जे लपवायला आईनं इतकं नाटक केलं, ते त्यांनी भर दुपारी अंगणात उभं राहून एका अनोळखी माणसाला सांगून टाकलं होतं, कशासाठी, तर मला भाताची चव लागत राहावी म्हणून. मी चपला काढल्या. त्या नीट ठेवायला मला फार वेळ लागला.

बबननं पुढे हासाशेठकडूनच दुसरी गाडी घेतली. ती त्यानं स्वतः चाखली, आणि चाखल्यावर साबणानं तोंड धुतलं. आता मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते. आमच्या इमारतीच्या पायातली खडी आपणच टाकलीय, असं तो आला की सांगतो. खरंखोटं देव जाणे. माझा नातू मोबाईलवर जुन्या ट्रकांचे फोटो दाखवतो, रंग कसा चकचकीत आहे बघ म्हणतो. मी म्हणते, काय भरणार ते आधी विचार. तो हसतो.

जीप गेली त्या दुपारी बाबा हातपाय धुऊन पाटावर बसले. आईनं ताट वाढलं. जवळ्याचं कालवण होतं. ‘आज मीठ जरा...’ तिनं सुरुवात केली, तर बाबांनी हात वर केला. ‘ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. ‘शैला, पयला घास तू घे.’

आई पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला. ‘बरोबर आहे,’ मी म्हटलं. बाबांनी ते उष्टं ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागले. घास घेताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते माझ्याकडे बघत जेवत राहिले, आणि खाली बघायची पाळी माझी होती.